न्हाणीघरातला इंग्रजी शब्द

आमच्या न्हाणीघरातला नळ गळत होता हे खरं आहे, पण तो माझ्या परवानगीने गळत होता. ही गोष्ट मी खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना, नळवाल्याला आणि खुद्द बायकोला आपापल्या परीने समजावून सांगितली. तिघांपैकी एकालाही ती पटली नाही. तुम्हाला तरी पटावी म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी हवामान खात्यात आहे. असं म्हटलं की लोक आधी वर बघतात आणि मग मला विचारतात, "काय म्हणतोय पाऊस?" पावसाचा आणि माझा संबंध छत्रीपुरता. आभाळ बघणारे लोक वेगळे, आणि त्या लोकांच्या रजा, बदल्या, बढत्या बघणारा मी वेगळा. मी आस्थापना विभागातला कारकून. माझ्या टेबलासमोर खिडकी आहे आणि खिडकीसमोर गोदामाची भिंत आहे. हवामान खात्यात उभी हयात गेली, पण कामाच्या वेळेत मी ढग म्हणून पाहिलेला नाही.

मात्र आमच्या खात्याचं एक केंद्र समुद्राकाठच्या टेकडीवर आहे. तिथून येणारे रजेचे अर्ज बोटांना मऊ लागायचे. बाकीच्या केंद्रांचे कागद कडकडीत, आणि हे असे, नुकतेच झोपेतून उठल्यासारखे. एकदा तिथल्या निरीक्षकाने लिहिलं होतं, "काल दिवसभर ढग खोलीत असल्याने अहवाल भिजला, क्षमस्व." ढग खोलीत असल्याने! मी ते वाक्य वाचून गोदामाच्या भिंतीकडे बघत बसलो. चहा आला, त्यावर साय धरली, तो परत गेला, आणि मी मनाने त्या खोलीत खुर्चीवर बसून होतो. पायाशी ढग होता. त्याला बाजूला सरकवून मी चपला शोधत होतो.

त्या दिवसापासून मला टेकडीवर जायचं होतं. कुणाला बंगला हवा असतो, कुणाला जावई चांगला हवा असतो. मला ती खोली हवी होती. यंदा तिथली निरीक्षकाची जागा निघाली. ही गेली तर पुढची जागा निघेपर्यंत मी निवृत्त होऊन बागेतल्या बाकावर बसलेला असणार, हे हिशेब न करताही कळत होतं. तेव्हा यंदा, नाहीतर कधीच नाही.

अट एकच होती. तिथून जाणाऱ्या जहाजांशी बिनतारी यंत्रावर इंग्रजीत बोलावं लागतं, म्हणून उमेदवार इंग्रजीची वरच्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण झालेला असावा. मला इंग्रजीचं भय नाही. 'विथ रेफरन्स टु युवर लेटर' इथून निघालो की 'युवर्स फेथफुली'पर्यंत मी कुठे अडखळत नाही. मधे काय लिहायचं ते साहेब सांगतात.

परीक्षेला बसायला खात्याची ना-हरकत लागते. ना-हरकतीचे अर्ज आस्थापनेत येतात आणि आस्थापनेत तो विषय माझ्याकडे आहे. मी अर्ज लिहिला, माझ्याकडे दिला, स्वतःला पोच दिली, आणि स्वतःच्या अर्जावर शेरा मारता येत नाही या नियमावर बोट ठेवून तो स्वतःला परत केला. साहेब म्हणाले, "तुम्ही रजेवर जा. तुमच्या जागी जो बसेल तो शेरा मारेल." सूचना उत्तम होती. रजेचा अर्ज केला. रजेचे अर्ज कोण बघतं? अहो, मीच बघतो! शेवटी साहेबांनी वैतागून अर्जावर 'पाहिले' असं लिहून सही ठोकली. पाहिले म्हणजे हरकत आहे की नाही, ते कुणालाच कळेना. आमच्याकडे एखाद्या कागदाचा अर्थ कुणालाच लागला नाही की तो मंजूर समजतात.

मग शब्द आले. परीक्षावाल्यांनी पाठवलेला शब्दसंग्रह बघून मला घाम फुटला. एकेक शब्द असा, की त्याच्या अर्थाचा अर्थ बघावा लागे. मी पाठ करायला बसलो की घरातले सगळे सल्ला द्यायला बसत. मुलगी म्हणाली, "बाबा, फोनवर खेळ असतो शब्दांचा, तो खेळा." मी खेळलो. दर चुकीला फोनमधून एक बदक माझ्याकडे बघून मान हलवायचं. या वयात बदकाकडून पाणउतारा करून घेण्याची माझी तयारी नव्हती. वकीलबाई जिन्यात म्हणाल्या, "शब्दकोश उशाशी ठेवून झोपा." मी झोपलो. मान धरली, शब्द एकही धरला नाही.

खरा घात केला तो वरच्या मजल्यावरच्या विमाकाकांनी. विमाकाका आयुष्यभर विमा विकून आता सल्ले फुकट देतात. ते म्हणाले, "शब्द डोक्यात ठेवायचा नसतो हो. डोकं म्हणजे धर्मशाळा. शब्द घरात ठेवायचा. एक वस्तू, एक शब्द. परीक्षेत डोळे मिटायचे, घरातून फेरी मारायची, वस्तू दिसली की शब्द उचलायचा. मात्र एक लक्षात ठेवा, वस्तू जागची हलली की शब्द गेला."

मी घर मांडायला घेतलं. काय सांगू, इतकं सुख मला कुठल्याच अभ्यासात लागलेलं नाही. किटलीच्या वाफेवर मी 'इफेमरल' ठेवला, म्हणजे क्षणभर टिकणारं. टेबलाचा खालचा खण कधीच धड उघडत नाही, त्यात 'ऑब्स्टिनेट' कोंबला, म्हणजे हट्टी. लग्नात आलेलं पितळी हरिण, ज्याला आम्ही फक्त पुसतो, त्याच्या पाठीवर 'सुपरफ्लुअस' बसवला, म्हणजे नसला तरी चालेल असा. दिवाणखान्यातली वस्तू दिवसा सोफा असते आणि पाहुणे आले की पलंग होते, आणि बसायला किंवा झोपायला कशालाच सुखाची नाही. तिच्यावर 'अ‍ॅम्बिग्युअस', म्हणजे धड ना हे, धड ना ते. गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीवर कुणीच बसत नाही, तिथे उन्हं उतरताना जरा बरं वाटतं आणि जरा वाईट वाटतं, म्हणून तिथे 'मेलंकली' ठेवली. बायकोच्या केसांच्या पिना घरभर सापडतात, त्या 'युबिक्विटस', म्हणजे जिकडे तिकडे. आणि न्हाणीघरातला गळका नळ, जो दुरुस्त करू करू म्हणत आम्ही किती दिवस तसाच ठेवला होता, तो आपोआपच 'प्रोक्रॅस्टिनेशन' झाला. म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलणं. त्या थेंबाला हा शब्द इतका चपखल बसला की माझ्या अंगावर शहारा आला.

कामावरून आलो की मी हात मागे बांधून घरात फेरी मारायचो. घर माझं, पण त्यात आता कसली तरी दुसरीच वस्ती झाली होती. भिंतीवरचं घड्याळ, चपलांचा स्टँड, दाराची कडी, सगळे कुजबुजत होते, आणि मी त्यांच्यातून हळूहळू पाण्यातून चालावं तसा चालत होतो. कधी चालता चालता भिंती विरळ होत आणि मी टेकडीवर पोचे. खाली समुद्र, खोलीत ढग, आणि यंत्रातून कुणीतरी लांबून विचारतंय, अहो, तुमच्याकडे काय दिसतं?

"अहो, तुम्हाला दूध आणायला सांगितलं होतं!" हा आवाज मात्र स्वयंपाकघरातून असे.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. त्यामुळे तिच्या बोलण्यात उत्तर नेहमी शेवटच्या ओळीत आणि अधोरेखित असतं. ती आधी माझ्या फेऱ्यांना हसली. मग एकदा मुलीने वेताची खुर्ची आत आणून तिच्यावर अभ्यास केला आणि मी गॅलरीत जाऊन ओरडलो, "माझी मेलंकली कुणी नेली?" त्या दिवसापासून बायकोने हसणं बंद केलं. झाडू मारताना सोफा सरकवायचा नाही. पिना उचलायच्या नाहीत. हरिण पुसायचं, पण त्याचं तोंड दाराकडेच ठेवायचं. इतकी साधी पथ्यं होती, पण घरच्यांना जड जात होती.

मग नळवाला आला. बायकोने बोलावला होता. मी त्याला दारातच अडवून म्हटलं, "परीक्षा झाल्यावर या."

तो म्हणाला, "कुणाची परीक्षा?"

"माझी."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पिशवी उचलून निघाला. जिन्यात त्याला वकीलबाई भेटल्या असणार, कारण त्या लगेच वर आल्या. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या छताला आमच्या नळाने भलामोठा ओला डाग पाडला होता.

"मी रोज पलंगावर पडून तुमचा डाग बघते," त्या म्हणाल्या. "परवा त्यातून थेंब पडला. माझ्या कपाळावर."

"बाई, पण तिथे प्रोक्रॅस्टिनेशन आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंच आहे मला," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या चिटणिसांच्या सहीने आम्हाला नोटीस आली. मी तिला उत्तर लिहिलं. विषय, संदर्भ, सर्व रीतसर. डागाबद्दल दिलगिरी, परंतु सदर गळती शैक्षणिक कारणासाठी असल्याने परीक्षेपर्यंत मुदत मिळावी. चिटणिसांनी ते उत्तर फलकावर लावलं. आमच्या इमारतीत इतक्या आवडीने वाचला गेलेला मजकूर दुसरा नसेल. लोक जिन्यात मला बघून छातीवर हात ठेवून विचारायचे, "काय, शिक्षण कुठवर आलंय?" माणसाने आपल्या स्वप्नासाठी काय काय ऐकून घ्यायचं!

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कामावरून परत आलो तर दार उघडं होतं आणि आत रंगाचा वास होता. दिवाणखान्यात एक मोठा उजेड होता, जो आमच्या घरात मी कधी बघितला नव्हता. सोफा खिडकीखाली गेला होता. टेबलाच्या खणाला साबण लावून तो असा केला होता की बोट लावताच उघडेल. हरिण गायब होतं. वेताची खुर्ची वकीलबाईंना माफीदाखल दिलेली होती. मी न्हाणीघरात धावलो. नवा कोरा चकचकीत नळ. एक थेंब गळत नव्हता. इतकी शांतता मला सहन होईना.

बायको शिडीवर उभी होती, नाकाला पांढरा रंग लागलेला. तिने शाळेतून रजा काढून, नळवाला आणि रंगारी बोलावून, एका दिवसात सगळं उरकलं होतं.

"अगं, हे काय केलंस!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "उद्या परीक्षा आहे. माझे सगळे शब्द गेले!"

"वकीलबाईंचं छत पडलं असतं."

"एक दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? ती जागा गेली तर पुन्हा मिळणार नाही मला, हे माहीत आहे ना तुला?"

ती शिडीवरून खाली उतरली. ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "एक विचारू?" ती म्हणाली. "हरणावर शब्द ठेवलात, नळावर ठेवलात, माझ्या पिनांवरसुद्धा ठेवलात. माझ्यावर कुठला ठेवलात?"

मी खरं ते बोललो. अशा वेळी खरं बोलू नये, एवढी साधी गोष्ट मला अजून जमलेली नाही. "तू एका जागी कुठे थांबतेस?" मी म्हटलं. "पद्धतीला स्थिर वस्तू लागते."

तिने पुन्हा ब्रश घेतला आणि आधीच रंगवलेली भिंत परत रंगवायला लागली. मला फार वाईट वाटलं. शब्द गेले म्हणून वाटलं की तिच्यामुळे वाटलं, ते मी तेव्हा वेगळं करू शकलो नाही. दोन्ही एकदमच आत आलं आणि सगळं घर ओल्या रंगाच्या वासात तरंगत राहिलं.

परीक्षा केंद्राच्या दारात एका बाईंनी माझं ओळखपत्र आणि माझा चेहरा आळीपाळीने बघितला आणि विचारलं, "हे तुम्हीच का?" मला तशी खात्री नव्हती, पण मी हो म्हटलं.

पहिलाच प्रश्न टाळाटाळीबद्दल होता. मी डोळे मिटले आणि घरात शिरलो. पण कुठल्या घरात? माझं जुनं घर सापडेना. पांढरं, उजेडाचं घर समोर उभं. मी न्हाणीघरात गेलो, नळ गप्प. खण उघडला, आत स्वच्छ कागद. गॅलरीत गेलो, खुर्चीच्या जागी नुसतं ऊन. शब्द विचारायला मी कुठल्याही खोलीत शिरलो तरी तिथे ही उभी. नाकाला रंग लावून. स्वयंपाकघरात ही, जिन्यात ही, आणि शिडीवर पण हीच. मी विचारलं, "अगं, इथे एक शब्द होता." ती म्हणाली, "बसा जरा. दमलात." मी बसलो. तिने चहा टाकला. आम्ही काय बोललो ते आठवत नाही, पण बरंच बोललो, लग्नानंतर सुरुवातीला बोलायचो तसं, कशाबद्दलही. खिडकीतून उजेड येत होता. मला वाटलं, हे घर आपण आधी का नाही बघितलं.

"फाइव्ह मिनिट्स मोअर," कुणीतरी म्हणालं. मी डोळे उघडले तर समोर उत्तरपत्रिका होती, आणि ती घरातल्या नव्या भिंतीइतकीच पांढरी होती. उरलेल्या पाच मिनिटांत मी दिसेल त्या चौकटीत खूण करत सुटलो.

तोंडी परीक्षेत मी बरा बोललो, असं मागाहून कळलं. लेखीत मात्र थोडक्यात गेलो. थोडक्यात गेला काय आणि सपशेल गेला काय, जाणं सारखंच, पण सांत्वनाला येणारे सगळे 'थोडक्यात' हा शब्द वापरत होते. विमाकाकांनी सांगितलं की पद्धतीत दोष नाही, घरात दोष आहे. वकीलबाईंनी खुर्ची परत पाठवली. मी ती घेतली नाही. टेकडीवरच्या जागेवर एका तिशीतल्या माणसाची नेमणूक झाली. त्या नेमणुकीचा आदेश माझ्याच टेबलावरून गेला आणि मी त्यावर क्रमांक घातला. अक्षर चांगलं आलं.

नंतर मी गप्पच असायचो. घरी आल्यावर नव्या जागच्या सोफ्यावर बसून नव्या भिंतीकडे बघायचो. तिथे काही दिसायचं नाही. रागसुद्धा नव्हता. असता तर निदान बोलायला विषय झाला असता.

एका सकाळी, सुट्टीच्या दिवशी, बायको डबा भरून, पायात बूट घालून समोर उभी राहिली. "चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"टेकडीवर."

"अगं, मी नापास झालोय."

"राहायला परीक्षा लागते. बघायला जायला कुठली लागते?"

इतकी वर्षं ते मऊ कागद हातात धरून बसलो, पण नुसतं उठावं, बसमध्ये बसावं आणि बघून यावं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. नियमात तशी तरतूद आहे का, हे बघायचंसुद्धा मी विसरलो आणि चपला घातल्या.

बसने पायथ्याला सोडलं. पुढे पायवाट होती. बायको पुढे, मी मागे, मधे मधे थांबून धापा टाकत. अर्ध्या वाटेवर हवा गार झाली आणि झाडं दिसेनाशी झाली. मग बायको पण दिसेना, नुसता तिचा आवाज, "येताय ना?" वर एक बुटकं घर होतं, त्याच्या दारात तो तिशीतला निरीक्षक उभा होता. केस मानेवर आलेले, दाढी वाढलेली. मी आस्थापनेतला, असं सांगताच त्याने माझे दोन्ही हात धरले.

"साहेब, माझी बदली करा हो," तो म्हणाला. "इथे ढगांशिवाय काही नाही. मी भांड्यांशी बोलतो. जहाजंसुद्धा क्वचित बोलतात." मग त्याला एकदम कल्पना सुचली. "तुम्ही जरा बसाल का इथे? तेवढ्यात मी खाली जाऊन केस कापून येतो. कुणाचा तरी आवाज ऐकून येतो. संध्याकाळपर्यंत नक्की परत." आणि मी हो म्हणायच्या आत तो उतरायला लागलासुद्धा.

आम्ही दोघं आत गेलो. लहान खोली, एक टेबल, एक खुर्ची, कोपऱ्यात स्टूल. टेबलावर बिनतारी यंत्र. खिडकी उघडी होती आणि तिच्यातून ढग, खरोखरचा ढग, आत येत होता. तो टेबलाच्या पायाशी आला, मग माझ्या पायाशी. मी खुर्चीत बसलो. मी बायकोला म्हटलं, "बघ." ती म्हणाली, "बघतेय."

तेवढ्यात यंत्र खरखरलं. लांबून, पार पाण्यापलीकडून यावा तसा एका माणसाचा आवाज आला, इंग्रजीत. टेकडी, टेकडी, तुम्हाला काय दिसतंय?

मी यंत्राचं बोलायचं बटण दाबलं. आणि माझ्याजवळ एकही शब्द नव्हता. सगळी यादी, सगळ्या फेऱ्या, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. बायकोने कोपराने ढोसलं, "अहो, बोला ना, माणूस वाट बघतोय."

"क्लाउड," मी म्हटलं. "ओन्ली क्लाउड. सी, नॉट सीन. व्हेरी... व्हेरी नाइस."

मग तो माणूस हसला. चेष्टेने नाही, बरं वाटलं म्हणून हसावं तसा. थँक यू म्हणाला. आमच्याकडे सकाळपासून ऊनच ऊन आहे, म्हणाला. तुमचा आवाज नवीन आहे. नवे आलात का? आता किती दिवस आहात तिथे?

मी बटणावर बोट ठेवून बसलो. याचं उत्तर मला कुठल्याच भाषेत देता येईना. डोळ्यांत पाणी आलं ते ढगाचं होतं असं मी म्हणू शकलो असतो, पण नव्हतं.

बायकोने कोपऱ्यातलं स्टूल ओढून माझ्या शेजारी घेतलं, त्यावर बसली, माझ्या बोटावर बोट दाबून यंत्राकडे वाकली आणि शाळेत उत्तर सांगतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाली,

"टिल ईव्हनिंग."